टीम शहर सोडून निघाली असेल तर काय करायचं? सॅक्रामेंटोने किंग्स टिकवली त्यावरून एक गाईड

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक आता क्रिकेटसोबत एनबीए, म्हणजे तिथली बास्केटबॉलची मोठी लीग, पण मनापासून बघतात, मुलं तर तिथेच जन्मलेली, त्यांची टीम म्हणजे त्यांच्या शहराची टीम, आणि मग एक दिवस बातमी येते की मालक टीम विकतोय आणि नवा मालक ती दुसऱ्या शहरात नेणार. अशा वेळी तिकीट काढून जाणाऱ्या आणि टॅक्स भरणाऱ्या साध्या माणसाने नक्की काय करायचं, आधी काय आणि नंतर काय, ते इथे लिहितोय. मुख्य उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचं घेतलंय कारण २०११ ते २०१३ मध्ये तिथली टीम, किंग्स, दोनदा जवळपास गेलीच होती आणि तरी राहिली. सोबत सिएटल, कारण तिथली सुपरसॉनिक्स (लोक सॉनिक्स म्हणतात) ही टीम गेली.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की टीम शहराची नसते, मालकाची असते. नाव शहराचं, घसा आपला, पण कायद्याने ती खाजगी मालमत्ता, आणि ती विकायची किंवा हलवायची परवानगी देतात लीगच्या ३० टीमचे मालक, बोर्ड ऑफ गव्हर्नर्समध्ये मत देऊन. विक्रीला तीन चतुर्थांश मालकांची मंजुरी लागते, शहर बदलायला साधं बहुमत पुरतं. म्हणजे तुम्हाला पटवायचंय या ३० जणांना. त्यांना तुमच्या शहराबद्दल वाईट वाटतं का हा प्रश्नच गैरलागू, ते बघतात की नवा अरेना, म्हणजे मॅचचं बंदिस्त स्टेडियम, कधी उभा राहील, पैसा कोण घालणार, खुर्च्या भरणार का, आणि मालक कोण असेल. तुमची सगळी धावपळ या चार प्रश्नांची लेखी उत्तरं तयार करण्यासाठी असली पाहिजे. मोर्चे, बॅनर, हॅशटॅग हे सगळं लागतंच, पण त्याच्या मागे कागद नसेल तर लीग ऐकून घेते आणि टीम जाते.

थोडी पार्श्वभूमी. किंग्स १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून सॅक्रामेंटोला आली, म्हणजे ती मुळात दुसऱ्या कुणाकडून गेलेलीच टीम. १९८८ मध्ये नाटोमास भागात, गावाबाहेर, चारी बाजूंनी पार्किंग लॉट असा आर्को अरेना उघडला. शहरात तेव्हा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या लीगची टीम नव्हती, त्यामुळे लोकांनी या टीमवर जीव टाकला, प्रतिस्पर्धी हिणवायचे की हे गुराख्यांचं गाव, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला यायला लागले आणि वाजवून वाजवून समोरच्याला हैराण करायचे. १९९९ मध्ये मलूफ कुटुंबाने टीम ताब्यात घेतली, २००२ मध्ये वेस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाची, फायनल लॉस एंजेलिसच्या लेकर्सशी सातव्या गेमपर्यंत गेली. पण बिल्डिंग जुनी होत होती आणि लीग नव्या अरेनासाठी मागे लागली होती.

भाडेकरार आणि कर्जाचे कागद मिळवा

बातमी आली की पहिल्या आठवड्यात हे काम. टीम आणि शहर यांच्यात काय करार आहे, कधी संपतो, आधी सोडला तर काय दंड, शहराचं काही कर्ज टीमवर आहे का. हे सगळे सार्वजनिक कागद असतात, सिटी क्लर्ककडे मागता येतात. सॅक्रामेंटोने १९९७ मध्ये तेव्हाच्या मालकाला सुमारे ७ कोटी ३० लाख डॉलर कर्ज दिलं होतं, त्यावेळी त्यावर खूप टीका झाली, पण पुढे तेच कर्ज टीमच्या पायातली एक साखळी ठरलं कारण जायचं तर ते फेडून जायचं होतं. सिएटलकडे तर आणखी पक्की गोष्ट होती, की अरेनाचा करार २०१० पर्यंतचा होता. शहर कोर्टात गेलं, आणि जुलै २००८ मध्ये ४ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड करून टीमला सोडून दिलं. सुपरसॉनिक्स हे नाव, रंग आणि इतिहास सिएटलकडे राहिला, खेळाडू ओक्लाहोमा सिटीला गेले. करार म्हणजे वेळ मिळवायचं साधन, एवढंच, त्या वेळात दुसरं काही उभं केलं नाही तर शेवटी तो पैशात मोजून मोकळे होतात.

टॅक्सचं मतदान घाईने घेऊ नका

नोव्हेंबर २००६ मध्ये दोन्ही शहरांत मतदान झालं आणि दोन्हीकडे लोकांनी कान उपटले. सॅक्रामेंटोत सेल्स टॅक्स पाव टक्का वाढवून अरेना बांधायचा प्रस्ताव होता, तो मोठ्या फरकाने पडला, कारण नीट ठरलेला करारच लोकांपुढे नव्हता आणि मालक स्वतः किती घालणार हे धूसर. सिएटलमध्ये इनिशिएटिव्ह ९१ (नागरिकांनीच मतदानाला आणलेला कायदा) जवळपास ७४ टक्के मतांनी पास झालं, म्हणजे शहराने टीमला पैसा दिला तर त्यावर ठरावीक परतावा मिळालाच पाहिजे अशी अट. मला ती अट चुकीची वाटत नाही, पण त्याच वर्षी तेव्हाचा मालक हॉवर्ड शुल्ट्झने टीम ओक्लाहोमाच्या क्ले बेनेटच्या ग्रुपला ३५ कोटी डॉलरला विकलेली होती, आणि अशा मालकाच्या हातात हा निकाल म्हणजे निघून जायला आयतं कारण.

आता उलट बाजू बघा. ओक्लाहोमा सिटीत लोकांनी मार्च २००८ मध्ये अरेना सुधारायला टॅक्स मंजूर केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या अरेनासाठी एक टक्का सेल्स टॅक्स सुमारे ७१ टक्के मतांनी पास केला. तिथे १९९३ पासून एक सेंटच्या टॅक्सने शहरात कामं करायची सवय आहे, कालवा, लायब्ररी, बॉलपार्क लोकांनी डोळ्यांनी बघितलेत, त्यामुळे विश्वास बसतो. तुमच्या शहरात असा विश्वास नसेल तर आधी करार पूर्ण लिहून घ्या आणि मग लोकांकडे जा, उलट क्रम लावलात तर पडणारच.

मुदत मागून घ्या आणि तेवढ्यात आकडे जमवा

२०११ मध्ये मलूफ मंडळी टीम अ‍ॅनाहाइमला न्यायच्या तयारीत होती. मेयर केविन जॉन्सन, स्वतः एनबीएचा जुना खेळाडू आणि सॅक्रामेंटोतच वाढलेला, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला मालकांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने पुढे काय ठेवलं, तर स्थानिक कंपन्यांनी पुढच्या सीझनसाठी कबूल केलेल्या लाखो डॉलरच्या स्पॉन्सरशिप. भाषण कुणीही करतं, पण इतक्या थोड्या दिवसांत गोळा केलेली ही रक्कम मालकांना समजेल अशी गोष्ट होती. मे महिन्यात टीम एक वर्ष राहणार असं जाहीर झालं, अट अशी की १ मार्च २०१२ पर्यंत अरेनाचा प्लॅन हवा.

तुम्ही चाहते म्हणून इथे खूप काही करू शकता. तुमच्या ऑफिसमध्ये, ओळखीच्या दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना विचारा की पुढच्या वर्षी जाहिरात किंवा तिकिटं घ्याल का, आणि हो म्हणाले तर नाव, रक्कम लिहून घ्या. २०१३ मध्ये तिथल्या चाहत्यांनी हेच केलं, टीम राहिली तर आम्ही सीझन तिकिटं घेऊ अशी हजारो तिकिटांची नोंदणी करून दाखवली, म्हणजे खुर्च्या भरणार का या प्रश्नाला लोकांनीच उत्तर दिलं.

मालकावर पूर्ण भिस्त ठेवू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर. फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑरलँडोला ऑल-स्टार वीकेंडला बोलणी झाली आणि करार ठरला, ३९ कोटी १० लाख डॉलरचा अरेना, शहराचा वाटा २५ कोटींच्या वर, तो पार्किंगमधून उभा करायचा, बाकी टीम आणि अरेना चालवणारी एईजी कंपनी. मार्चमध्ये सिटी कौन्सिलने ७ विरुद्ध २ मतांनी होकार दिला, गावात दिवाळी. आणि एप्रिलमध्ये मलूफ कुटुंबाने अंग काढून घेतलं. शहराने सगळं बरोबर केलं होतं तरी मालकाला नको असेल तर काही होत नाही.

मग जानेवारी २०१३ मध्ये बातमी आली की टीमचा ६५ टक्के हिस्सा सिएटलच्या ख्रिस हॅन्सन आणि स्टीव्ह बामरच्या ग्रुपला विकायचा करार झालाय, टीमची किंमत ५२ कोटी ५० लाख डॉलर धरून. पुढे ते ५५ कोटी आणि मग ६२ कोटी ५० लाखांपर्यंत चढले. कागदावर सॅक्रामेंटो संपलं होतं. पण २०१२ च्या फसलेल्या करारातून शहराच्या हातात दोन गोष्टी उरल्या होत्या, पार्किंगचा आराखडा आणि कौन्सिलची सवय, त्यामुळे सुरुवात शून्यातून नव्हती, फक्त खरेदीदार शोधायचा होता. आणि तो शोधला. गुंतवणूकदार रॉन बर्कल, २४ आवर फिटनेसवाला मार्क मास्त्रोव्ह, क्वालकॉमचं जेकब्स कुटुंब, आणि सगळ्यांच्या पुढे विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेला माणूस, एमआयटीत शिकला, टिब्को सॉफ्टवेअर उभी केली, तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये त्याचा छोटा हिस्सा होता जो त्याला विकावा लागला.

म्हणून टीम जायची चर्चा सुरू होताच दुसऱ्या मालकाचा शोध सुरू करा, सध्याच्या मालकाशी बोलणी चालू असतानाच. हे काम मेयर आणि उद्योगवाल्यांचं आहे हे खरं, पण मेयरला हे विचारायचं काम आपलं, मीटिंगमध्ये उभं राहून, की पर्यायी खरेदीदार कोण आहे?

२६ मार्च २०१३ ला कौन्सिलने नवा प्राथमिक करार मंजूर केला, डाउनटाउन प्लाझा नावाच्या मरायला टेकलेल्या मॉलच्या जागी ४४ कोटी ७७ लाख डॉलरचा अरेना, शहराचा वाटा २५ कोटी ८० लाख. ३ एप्रिलला दोन्ही शहरांनी न्यूयॉर्कला मालकांच्या कमिटीपुढे मांडणी केली. २९ एप्रिलला कमिटीने ७ विरुद्ध ० असा कौल दिला की टीम हलवू नये, आणि त्या कमिटीत तोच क्ले बेनेट होता ज्याने सॉनिक्स नेली होती! १५ मे ला डॅलसमध्ये बोर्डाने २२ विरुद्ध ८ मतांनी सिएटलला नकार दिला, आणि ५३ कोटी ५० लाखांच्या किमतीने टीम रणदिवे ग्रुपकडे गेली. म्हणजे कितीतरी जास्त बोली हरली. ज्या शहराने करार मंजूर करून, जागा दाखवून, खरेदीदार उभा करून ठेवलाय त्याची टीम काढून घेणं लीगला जड गेलं, मला तरी याचं हेच कारण पटतं.

पैसा कुठून येणार ते खोदून विचारा

आता जरा कडू बोलतो, पण टीमवर प्रेम आहे म्हणूनच बोलतो. अरेनामुळे शहराची भरभराट होते, टॅक्सचा पैसा परत येतो, या दाव्यावर अर्थतज्ज्ञांचं जवळपास एकमत आहे की तसं होत नाही, लोक मॅचवर घालवतात तो पैसा नाहीतर गावातच दुसरीकडे घालवला असता. तेव्हा टीम टिकवायची तर ती आपल्याला हवी आहे म्हणून टिकवा, आणि त्यासाठी किती द्यायचं ते उघड ठरवा.

सॅक्रामेंटोने नवा टॅक्स लावला नाही, शहराच्या पार्किंग गॅरेज आणि मीटरच्या उत्पन्नाच्या जोरावर बाँड (कर्जरोखे) काढले. हुशार वाटतं, आणि मतदानाची गरज पडत नाही. पण पार्किंगचा पैसा आधी शहराच्या सर्वसाधारण खर्चात जात होता, तो आता बाँडच्या हप्त्यात जाणार, म्हणजे भोक दुसरीकडे पडतं, ते कसं भरणार हे विचाराच. शिवाय तिथल्या डाउनटाउनमध्ये पार्किंग करतात ते मुख्यतः राज्य सरकारचे कर्मचारी, २०२० मध्ये कोविड आला, सगळे घरून काम करायला लागले आणि पार्किंगचं उत्पन्न कोसळलं. हप्ते थांबत नाहीत. तुमच्या शहरात कुठलाही मार्ग सुचवला, हॉटेल टॅक्स म्हणा, पार्किंग म्हणा, तर पहिला प्रश्न हा की ते उत्पन्न आटलं तर कोण भरणार, आणि याचं उत्तर करारात कुठल्या पानावर आहे.

रोख सोडून दिलेल्या गोष्टी पण मोजा. सॅक्रामेंटोने टीमला काही जमिनी, पार्किंगच्या जागा, डिजिटल होर्डिंगचे हक्क पण दिले, त्यांची किंमत नीट धरली नाही असा विरोधकांचा आरोप होता, केस झाली, निकाल शहराच्या बाजूने लागला. पण प्रश्न विचारणं योग्यच होतं असं माझं मत.

करारात बघायच्या ओळी

सगळा करार वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं शोधा. खर्च वाढला तर कोण सोसणार, ही सगळ्यात महागडी ओळ. सॅक्रामेंटोत ती टीमवर होती, आणि अरेना ४४ कोटींवरून शेवटी साधारण ५५ कोटी ८० लाखांवर गेला तरी शहराचा वाटा साडेपंचवीस कोटींच्या आसपासच राहिला, वरचा सगळा बोजा मालकांनी उचलला. या एका ओळीने शहराचे किती वाचले बघा. मग, टीम किती वर्षं बांधील आहे, तिथे ३५ वर्षं आहे, आणि टीम पुन्हा विकली गेली तर ही अट नव्या मालकावर चालू राहते का. बिल्डिंग कुणाची, तिथे शहराची. नावाचे पैसे कुणाला, कारण गोल्डन १ क्रेडिट युनियनने २० वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन नाव घेतलं ते टीमच्या बाजूला गेले, बिल्डिंग शहराची असूनही. यावर दुसऱ्या शहरांनी जरा ताणून बोलणी करावीत असं मला मनापासून वाटतं. मोठी दुरुस्ती कुणाकडे, स्थानिक कामगारांना किती काम, शहराला स्वतःच्या कार्यक्रमांसाठी किती दिवस, हे पण बघा.

आणि वाचायला वेळ मागा. २०१३ चा करार शनिवारी लोकांसमोर आला आणि मंगळवारी त्यावर मतदान. कॅलिफोर्नियात नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा कायदा आहे, तेवढ्यात बसलं, पण शेकडो कोटींच्या रुपयांचा, खरं तर हजारो कोटींच्या रुपयांचा कागद तीन दिवसांत कोण वाचणार. कौन्सिल मीटिंगमध्ये तुम्हाला बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, त्यामुळे भावना बाजूला ठेवून एकच कलम घ्या, त्यावर एकच प्रश्न विचारा, आणि लिहून पण द्या.

विरोध करणाऱ्यांशी नीट वागा

विरोधक म्हणजे टीमचे शत्रू असं समजू नका, त्यातले बरेच जण शाळा आणि रस्त्यांची काळजी करणारे शेजारीच असतात. सॅक्रामेंटोत या खर्चावर मतदान घ्या म्हणून सह्या गोळा झाल्या, पण अर्जांच्या मजकुरात चुका निघाल्या म्हणून सिटी क्लर्कने फेटाळलं आणि २०१४ मध्ये कोर्टानेही तेच उचलून धरलं. तुम्ही विरोधात असाल तर हा धडा घ्या की अर्जाचा मसुदा आधी वकिलाला दाखवा, सह्या नंतर. आणि बाजूने असाल तर पैसा कुठून येतोय त्यावर लक्ष ठेवा, कारण त्याच सह्यांच्या मोहिमेला सिएटलच्या ख्रिस हॅन्सनने गुपचूप एक लाख डॉलर दिल्याचं उघड झालं, त्याने माफी मागितली आणि नंतर दंड पण भरला. ते उघड झालं कारण राज्यात निवडणूक खर्च जाहीर करायचे नियम आहेत आणि त्यावर नजर ठेवणारे लोक आहेत. तुमच्या राज्यात ती नोंद कुठे मिळते ते शोधून ठेवा.

पर्यावरणाच्या केसेसमध्ये वर्षं जातात हे पण धरून चला. तिथे राज्याचा सिनेटर डॅरेल स्टाइनबर्गने राज्यात एसबी ७४३ हा कायदा आणला, २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउनने सही केली, त्यामुळे अशा केसेस २७० दिवसांत निकाली काढायचा मार्ग झाला. तुमच्या आमदाराला यासाठी लवकर गाठा.

अरेना उघडल्यावर

गोल्डन १ सेंटर २०१६ च्या शरद ऋतूत उघडला, १७,६०८ खुर्च्या, मोठे दरवाजे उघडून नदीच्या खोऱ्यातला संध्याकाळचा गार वारा आत घेता येतो अशी रचना, सौरऊर्जा, खाणं बहुतेक आसपासच्या शेतांतलं. खूप सुंदर बिल्डिंग आहे, जाऊन या. टीम मात्र लगेच जिंकायला लागली नाही, प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, पोहोचायला २०२३ उजाडलं, १६ सीझनच्या उपासानंतर, तेव्हा जिंकलं की छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायचे आणि अख्खं शहर वर बघायचं. मधे ऑक्टोबर २०१९ मध्ये हीच टीम मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन मॅच खेळून गेली, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच त्या, दोन्ही हरली पण पहिली ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने.

उद्घाटन झालं की बहुतेक लोक करार विसरतात, तुम्ही विसरू नका. दरवर्षी शहराचं बजेट येतं तेव्हा अरेनाचे बाँड कुठल्या खात्यातून भरले, पार्किंगमधून किती आले, कमी पडले ते कुठून घेतले, हे तीन आकडे काढून ओळखीच्या लोकांना पाठवा. अरेनाजवळचे मीटर मॅचच्या दिवशी महाग होतात, त्याचा त्रास तिथल्या छोट्या दुकानांना होतोय का ते त्यांनाच विचारा आणि कौन्सिलरला कळवा. आणि बांधिलकीची मुदत कधी संपते ती तारीख लिहून ठेवा, कारण पुढच्या अरेनाची बोलणी मुदतीच्या बरीच वर्षं आधीच सुरू होतात, तेव्हा ज्याच्याकडे जुने कागद असतील त्याचं म्हणणं ऐकलं जातं.